मुल्लाबाईंचं बीजगणित

“ही डिस्क आता एकदाच वाचता येईल, सर. दुसरी संधी ती द्यायची नाही.”

हे मी जरा खालच्या आवाजात, डॉक्टर बोलतात तसं म्हणालो. मिरजेतल्या दवाखान्यांत कामाला जाऊन जाऊन डॉक्टरांची ढब उचलणं काही अवघड नव्हतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, सांगलीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीची कामं करत होतो, आणि आपल्याला सगळं कळतं असं मला मनापासून वाटायचं.

आवटी सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सर मिरजेच्या अंधशाळेचे मुख्याध्यापक. शाळेच्या मागच्या अंगाला एका खोलीत त्यांचा ब्रेल छापखाना होता. छापखाना म्हणजे एक जुना कॉम्प्युटर, कागदावर ठिपके उठवणारं एक परदेशी मशीन आणि छापलेल्या पुस्तकांचं एक मोठं कपाट. कॉम्प्युटर सकाळपासून निळा पडदा दाखवून बसला होता आणि आतून टक्‌टक्‌ आवाज येत होता. असा आवाज यायला लागला की डिस्कचे दिवस भरले, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं.

“नवी डिस्क घाल की मग,” सर म्हणाले.

“घालतो. पण मशीन चालवणारा प्रोग्रॅम या जुन्या डिस्कवर आहे. त्याची सीडी आहे तुमच्याकडे?”

सीडी नव्हती. सात वर्षांपूर्वी मशीनबरोबर आली होती, नंतर कुणी बघितली नाही. कंपनीने तो प्रोग्रॅम बनवणं कधीच बंद केलं होतं. तो गेला तर मशीन म्हणजे नुसतं लोखंड.

“आणि माझं पुस्तक?” मागून प्रश्न आला.

खिडकीजवळच्या खुर्चीत मुल्लाबाई बसल्या होत्या. जुबेदा मुल्ला. पन्नाशीच्या आसपास वय, जन्मापासून दृष्टी नाही. शाळेत ब्रेल शिकवायच्या आणि छापखान्यातलं सगळं टायपिंग आणि तपासणी त्यांचीच. सहा बटणं वेगवेगळ्या जोड्यांनी एकदम दाबून त्या एकेक अक्षर उमटवायच्या. इतक्या सपाट्याने, की बघणाऱ्याला त्या पेटी वाजवतायत असं वाटावं.

त्यांचं पुस्तक म्हणजे नववीचं बीजगणित. त्याची हकिगत सरांनीच मला सांगितली. या मुलांना बीजगणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्यायची सवलत होती. सवलत म्हणून ती चांगलीच, पण सगळ्यांनीच ती घ्यायची, कारण ब्रेलमधलं बीजगणिताचं पुस्तक शाळेला कुठे मिळालंच नव्हतं. मग अकरावीला शास्त्र नाही, पुढचं बरंच काही नाही. मुल्लाबाईंनी तीन वर्षं बसून ते पुस्तक स्वतः तयार केलं. त्यांचे थोरले भाऊ अब्बासभाई तंबोरे बनवायचे. ते फुरसत मिळेल त्या संध्याकाळी एखादं पान वाचून दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी बाई ते पाठ असल्यासारखं टाइप करायच्या. ब्रेलची चारशे बारा पानं भरली होती. संस्थेच्या मंडळींनी अट घातली होती की एकतीस मार्चच्या सभेत छापलेलं पुस्तक समोर असेल तर जूनपासून नववीच्या पाच मुलांना बीजगणित द्यायचं, नसेल तर नेहमीचं अंकगणित. त्या दिवशी मार्चची दहा तारीख होती.

“छापलेलं किती आहे?” मी विचारलं.

“एक पान नाही. कालच शेवटचं प्रकरण संपलं.”

“पेन ड्राइव्हवर कॉपी?”

सर खाकरले. शाळेत एकच पेन ड्राइव्ह होता आणि तो सरांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायचा. कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली होती, ‘पेन ड्राइव्ह लावू नये, व्हायरस येतो.’ अक्षर माझंच होतं.

मी घाईघाईने मूळ विषयाकडे वळलो.

“सर, माझ्याकडे दोन रस्ते आहेत. एक, सिस्टिमची इमेज घ्यायची. म्हणजे सी ड्राइव्ह, विंडोज, प्रोग्रॅम, मशीनची सगळी जुळणी, जसंच्या तसं उचलून नव्या डिस्कवर ठेवायचं. तासाभराचं काम, बहुतेक पार पडेल. पण डी ड्राइव्ह, म्हणजे याच डिस्कचा दुसरा भाग, त्यात येत नाही. दुसरा, पूर्ण डिस्कचा बॅकअप. त्यात सी, डी सगळं येतं. पाच तास लागतील. आणि मधेच डिस्क मेली तर अर्धवट बॅकअप उघडत नाही. म्हणजे काहीच हाती लागत नाही.”

“एखादी फाइल तेवढी काढून घेता येत नाही?”

“विंडोज सुरूच होत नाहीये. माझ्या सीडीवरून हे दोनच प्रकार होतात. आणि डिस्क काढून दुकानात न्यावी, तर एकदा थांबली की परत फिरेल याचा भरवसा नाही.”

सरांनी विचार केला. “इमेज घे,” ते म्हणाले. “मशीन चालू राहिलं तर पुढचं बघता येईल. मशीनच नसेल तर पुस्तक कशावर छापायचं?”

“आणि पुस्तकच नसेल तर मशीनवर काय छापायचं?” मी म्हणालो.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या दुकानाचा एक पहिला धडा होता. नवा कॉम्प्युटर बसवला की गिऱ्हाइकाला बसवून सांगायचं, की सी हे विंडोजचं घर, ते कधी पुसावं लागेल नेम नाही, तिथे आपलं काही ठेवायचं नाही, सगळं डीमध्ये. दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला आलो तेव्हा हा धडा मी याच खोलीत सरांना तासभर दिला होता. तेव्हा मुल्लाबाई मागे उभ्या होत्या. म्हणजे बाईंचं पुस्तक डीमध्ये, ही माझ्या दृष्टीने काळ्या दगडावरची रेघ होती. इमेज घेतली तर पुस्तक जाणार. दोन्ही वाचवायचं तर पूर्ण बॅकअपला पर्याय नाही. माझा हिशोब तयार होता आणि त्यातला धोका मला हवाहवासा वाटत होता, हेही कबूल करतो. तीन वर्षांची मेहनत, पाच मुलं, आणि ते सगळं वाचवणारा मी.

“मला एक विचारायचं होतं,” बाई म्हणाल्या. “ते डेस्क...”

“बाई, तुम्ही आता काही काळजी करू नका,” मी त्यांना मधेच तोडून म्हणालो. “तुमचं पुस्तक वाचवायची जबाबदारी माझी.”

सर म्हणाले, “बघ बाबा, तुला कळतंय त्यातलं,” आणि तासाला निघून गेले. साडेअकराच्या सुमाराला मी ‘पूर्ण डिस्क’ निवडलं आणि बटण दाबलं.

पहिले दीड तास बरे गेले. पाच टक्के, बारा, एकोणीस. बाईंनी तपासायला घेतलेलं कुठलंसं पुस्तक मांडीवर होतं आणि त्यांची बोटं ओळींवरून सरकत होती. मी उगाच शहाणपणाने म्हणालो, “बाई, तुम्हाला या डिस्कचा आवाज आमच्यापेक्षा जास्त कळत असेल. तुमचे कान तयार असणार.”

“माझे कान तुमच्यासारखेच आहेत, मगदूम,” त्या म्हणाल्या. “उलट डाव्या कानानं जरा कमीच येतं. डॉक्टर मशीन लावा म्हणतात.”

मी वरमलो. त्यांनी डब्यातली एक वडी माझ्यापुढे केली आणि भाईजानच्या गोष्टी सांगायला लागल्या. अब्बासभाईंना वाचताना काही कळायचं नाही. ‘कंसात ए अधिक बी, कंस पूर्ण, वर बारका दोन’ असं ते तंबोऱ्याच्या तारा मोजाव्यात तसं एका सुरात म्हणत जायचे. पुस्तक संपलं तेव्हा त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटले आणि बहिणीला सांगितलं की पुन्हा असलं काही काढलंस तर मी घर सोडून जाईन. बाई हे सांगताना इतक्या खुशीत होत्या, की तीन वर्षांचं ते काम आत्ता एका टकटकणाऱ्या डब्यात अडकलंय हे घडीभर मीही विसरलो.

सव्वा वाजता आकडा सत्तावीसवर आला आणि तिथेच थांबला.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. टक्‌टक्‌ वाढली. सत्तावीस टक्के म्हणजे सीचा भाग संपून डीची सुरुवात झाली होती. डिस्क खराब झाली होती ती नेमकी तिथे. 

“अडकलंय का?” शेवटी बाईंनी विचारलं.

“जरासं. निघेल.”

“मघाशी एक विचारायचं होतं, ते राहूनच गेलं.”

“विचारा की.”

“डेस्कटॉप हा सीमध्ये येतो का डीमध्ये?”

“सीमध्ये. का ओ?”

“माझं पुस्तक तिथं आहे, म्हणून विचारलं.”

मी विचारलं, आणि माझा आवाज चिरकला असणार, “डीमध्ये नाही?”

“तुम्ही सांगून गेलात तेव्हा आठ दिवस ठेवून बघितलं डीमध्ये,” बाई शांतपणे म्हणाल्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारा जो इंग्रजी आवाज होता, त्याला त्या साहेब म्हणायच्या. “पण तिथं सरांचे फोल्डर. न्यू फोल्डर, न्यू फोल्डर टू, न्यू फोल्डर थ्री, असे तेवीस. ते सगळे वाचून झाल्याशिवाय साहेब पुढं सरकायचे नाहीत. एकदा तर चुकून मी तिसरा धडा न्यू फोल्डर नाइन्टीनमध्ये ठेवला आणि दोन दिवस शोधत बसले. डेस्कटॉपवर एका बटणात पोचते. तिथं माझी एकटीचीच फाइल आहे.”

आता सगळा मामला उलटा झाला होता. प्रोग्रॅम सीमध्ये, पुस्तक सीमध्ये. आवटी सर सकाळी म्हणत होते ती साधी तासाभराची इमेज घेतली असती तर एव्हाना दोन्ही गोष्टी माझ्या खिशात असत्या. आणि मी त्या मरणाऱ्या डिस्कला दोन तास राबवून सरांच्या न्यू फोल्डरांच्या दारात आणून अडकवली होती. बाई सकाळी हेच विचारत होत्या आणि मी त्यांना धीर देण्यात गुंग होतो.

खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो गप्प बसायचा. बॅकअप कदाचित निघेलही पुढे. मग कुणाला काही कळायचं कारण नाही. असा विचार मी चांगली पाच मिनिटं केला. आकडा सत्तावीसवरच होता.

मग मी उठलो आणि सरांना वर्गातून बोलावून आणलं.

“सर, माझं चुकलं,” मी म्हणालो. “पुस्तक सीमध्ये आहे. तुम्ही म्हणत होता तेच बरोबर होतं. मी बाईंना विचारायला हवं होतं, विचारलं नाही.”

सर चिडतील असं वाटलं होतं. ते नुसतेच खुर्चीत बसले. “मग आता काय करायचं?” त्यांनी मला विचारलं.

मी बाईंकडे वळलो. “बाई, तुम्ही सांगा.”

बाईंनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. “हे थांबवलं तर झालेलं वाया जाणार?”

“हो. सगळं.”

“आणि पहिल्यापासून नुसत्या सीची इमेज घ्यायला सुरुवात केली तर डिस्क तेवढा वेळ टिकेल?”

“सांगता येत नाही. सकाळी सीचा भाग नीट वाचला गेला होता. आता तिची ताकद कमी झालीय. माझ्यामुळेच.”

“ते राहू दे. डीमध्ये काय काय आहे, सर?”

सरांनी बोटांवर मोजलं. संस्थेचा पत्रव्यवहार, त्याच्या प्रती फायलींत होत्या. बाईंनी आणि त्यांच्या आधीच्या शिक्षिकांनी टाइप केलेली गोष्टींची चाळीसेक पुस्तकं.

“ती छापून कपाटात आहेत,” बाई म्हणाल्या. “कपाटात आहे ते हाताला लागतं, परत टाइप करता येईल. जे छापलेलं नाही ते फक्त त्या सीमध्ये आहे. थांबवा हे, मगदूम. इमेज घ्या.”

“आणि चार वर्षांच्या स्नेहसंमेलनांचे फोटो,” सर हळूच म्हणाले. “ते पण डीमध्येच आहेत.”

“त्यांचं मला विचारू नका, सर. मी त्यातला एकही बघितलेला नाही.”

सरांना हसू आवरेना. त्या खोलीत सकाळपासून पहिल्यांदाच कुणी हसत होतं. मी कॉम्प्युटर बंद न करता तो बॅकअप थांबवला. सत्तावीस टक्के पुसले गेले. या वेळी ‘फक्त सिस्टिम’ हा पर्याय दोनदा वाचून मग निवडला.

“आकडे मोठ्यानं सांगत चला,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला दिसतं ते मलाही कळू दे.”

मी आकडे सांगायला लागलो. चार. नऊ. पंधरा. सर तासाला गेलेच नाहीत. बेचाळीसनंतर डिस्क एकदा चक्क गप्प झाली, काहीच आवाज नाही. मग परत फिरली. अठ्ठावन्नवर सहा मिनिटं. एकाहत्तरवर अकरा. त्या अकरा मिनिटांत मी ‘एकाहत्तर’ हा शब्द किती वेळा म्हणालो कोण जाणे. बाई प्रत्येक वेळी मान हलवायच्या. सर म्हणाले, “मुल्लाबाई, हे गेलं तर मी सभेत मुदत मागतो.” बाई म्हणाल्या, “तीन वर्षांची मागावी लागेल, सर. तोवर ही पाचही मुलं बारावीला पोचतील.”

“बहात्तर,” मी म्हणालो. मग त्र्याहत्तर. मग मात्र ती भराभर चालली.

तीन वाजून दहा मिनिटांनी शंभर झाले. मी ते सांगितलं तेव्हा बाईंनी दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले आणि काही पुटपुटल्या. मी डिस्क बंद केली. ती परत कधीच फिरली नाही, नंतर दुकानात मी बऱ्याच खटपटी करून बघितल्या.

नव्या डिस्कवर इमेज चढवायला आणखी तास गेला. शाळा सुटायच्या सुमाराला कॉम्प्युटर सुरू केला. विंडोजचा तो नेहमीचा सूर वाजला आणि मागोमाग साहेब बोलायला लागले. मी खुर्ची सोडून बाजूला झालो. बाई बसल्या, एक बटण दाबलं, आणि साहेबांनी फाइलचं नाव उच्चारलं. बाईंनी पहिलं पान छापायला सोडलं. मशीन तडतडायला लागलं. इतका कर्कश आवाज इतका गोड मला तेव्हा पहिल्यांदाच वाटला.

पान बाहेर आलं. बाईंनी ते टेबलावर पसरलं आणि दोन्ही हातांनी वाचायला लागल्या. सर आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. चौथ्या ओळीवर त्या थांबल्या, मागे गेल्या, परत वाचलं.

“काय झालं?” सरांनी घाबरून विचारलं.

“इथं वजाबाकीचं चिन्ह राहिलंय,” त्या म्हणाल्या. “माझीच चूक आहे. तीन वर्षांपूर्वीची.” आणि मग त्या रडल्या. मोठ्याने नाही, पण बराच वेळ. सर खिडकीबाहेर बघत राहिले. मी वायरी गुंडाळत बसलो.

जाण्यापूर्वी सरांनी ड्रॉवरचं कुलूप काढून पेन ड्राइव्ह आणून दिला. मी त्यावर पुस्तकाची प्रत केली आणि तो सरांना न देता बाईंच्या हातात दिला. कसा लावायचा, कसा काढायचा, ते त्यांच्याकडून चार वेळा करवून घेतलं. पेन ड्राइव्हची चिठ्ठीही फाडून टाकली.

एकोणतीस मार्चला पुस्तक छापून झालं. एका प्रतीचे चार जाडजूड भाग. सभेत मंडळींनी ते हातात घेऊन, उलटसुलट करून बघितलं आणि जूनमध्ये पाच मुलांच्या नावापुढे बीजगणित लागलं. बाईंनी लगेच दहावीचं पुस्तक हाती घेतलं. अब्बासभाई घर सोडून गेले नाहीत. कुरकुरत दिवसाला दोन पानं वाचायला लागले.

मुल्लाबाईंचा फोन आला तो त्यानंतर दोन वर्षांनी, दहावीचा निकाल लागला त्या दिवशी. मी तोवर स्वतःचं दुकान काढलं होतं. दुपारची गर्दी होती, तरी मी फोन घेऊन बाहेर आलो.

“चार पास झाले, मगदूम,” त्या म्हणाल्या. “एकीला गणितात ब्याऐंशी टक्के आहेत. शास्त्राला जायचं म्हणते.”

“आणि पाचवा?”

“त्याचं गणित राहिलं. बीजगणितानंच घात केला.”

मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो. तोंडाशी शब्द जमवत होतो, तेवढ्यात लक्षात आलं की पलीकडे बाई हसतायत.

“अहो, वाईट कशाला वाटून घेता?” त्या म्हणाल्या. “आमच्या शाळेला साठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आमच्या एकाही मुलाला बीजगणितात नापास व्हायला मिळालं नव्हतं. हा पहिला. ऑक्टोबरला परत बसतो म्हणाला, आणि दहावीचे सगळे भाग पोत्यात घालून घरी घेऊन गेला.”